आणि वाद्यवृंद

बातमीत जे बसत नाही ते किस्सा होऊन साचतं, असा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. महापालिका, कोर्ट, मोर्चे, सगळं केलं. छापून आलं त्याच्या दहापट वहीतच राहिलं. पण पस्तीस वर्षांत साचलं नाही तेवढं एका बारा दिवसांच्या टूरमध्ये साचलं! कारण साधं आहे. एका बसमध्ये चोवीस उपनगरकर आणि पुढच्या बसमध्ये एक अख्खा ऑर्केस्ट्रा.

ऑर्केस्ट्रा बोरिवलीच्या शिरीष सरांचा, निवेदनही त्यांचंच. जुनी हिंदी-मराठी गाणी. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कुठेही शो असला की आमचा ग्रुप पहिल्या तीन रांगांत ठरलेला. यंदा त्यांना जर्मनी आणि हॉलंडच्या मराठी मंडळांचं बोलावणं आलं. आमचे ग्रुप लीडर घाटकोपरचे सावंतकाका. त्यांनी जाहीर करून टाकलं, "ते जातत, मगे आपण काय हय बसान ऱ्हवाचा?"

बाकीचे गाणी ऐकायला गेले. मी मात्र विमानातच एक भांडण अंगावर घेतलं. ते पुढे सांगते.

*

व्हिसाच्या खिडकीपलीकडची मुलगी मराठीच निघाली, विक्रोळीची. तिने सावंतकाकांचा फॉर्म दोनदा वाचला.

"काका, प्रवासाचं कारण 'ऑर्केस्ट्रा ऐकणे' लिहिलंय."

"होय."

"जर्मनीचा ऑर्केस्ट्रा?"

"नाय गो, बोरिवलीचो."

"मग तो बोरिवलीत नाही का ऐकायला मिळत?"

"बाय माझे, बोरिवलीत वाजता. ऐकाक खंय मिळता? बाजूचो माणूस सगळ्या गाण्यात फोनवर बोलत असता!"

मुलीने मान हलवली आणि कागद पुढे सरकवले. तिला पटलं होतं.

*

आता माझ्या भांडणाचं कारण.

ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवतो बेनी. अंधेरीत मरोळ गावठाणातला, वय सत्तर. बेचाळीस वर्षं शिरीष सरांबरोबर, कायम मागच्या रांगेत, ड्रमच्या शेजारी. डाव्या हाताची दोन बोटं आता सकाळी जागी व्हायलाच अर्धा तास घेतात, म्हणून ही टूर शेवटची, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्याची बायको फिलोमिना आमच्या ग्रुपमध्ये होती. आयुष्यातली तिची ही पहिली टूर. विमानात ती माझ्या शेजारी बसली होती. बेल्ट लावता लावता म्हणाली, "बेचाळीस वर्षं याचा डबा भरला. शोच्या शर्टाला इस्त्री केली. पण माइकवरून याचं नाव एकदापण ऐकलं नाय. शेवटचा शो हॉलंडला आहे. त्याच्या आत मला ते ऐकायचंय. दुसरं काय नको."

"ऐकशील," मी म्हटलं. "झालंच समज!"

भल्याभल्या नगरसेवकांना मी तोंड उघडायला लावलंय. त्यांच्यापुढे एक निवेदक म्हणजे काय!

*

पहिला मुक्काम कोलोन. हॉलच्या दारात कार्यक्रमपत्रिका हातात पडली आणि माझं डोकं सटकलं. चार गायकांचे चार फोटो. निवेदक म्हणून शिरीष सरांचे दोन. त्याखाली प्रायोजक, स्वागत समिती, रांगोळी कोणाची, आणि "मध्यंतरातील बटाटेवडे" असं लिहून त्यापुढे दोन बायकांची पूर्ण नावं. सगळ्यात खाली, भिंग लावून वाचावं अशा टायपात: "आणि वाद्यवृंद."

अकरा वाजवणारे! एका 'आणि'त गुंडाळलेले!

मी पत्रिका घेऊन तडक ग्रीन रूममध्ये. शिरीष सर आरशासमोर मफलर नीट करत होते.

"सर, हे काय आहे?"

"ताई, ती मंडळाने छापलीय. आणि खरं सांगू का, लोक गाणं ऐकायला येतात. वाजवणाऱ्याच्या नावाचं काय करायचंय त्यांना?"

"वडे करणाऱ्यांची नावं आहेत की!"

"अहो," सर शांतपणे म्हणाले, "वडे लोक खातात ना!"

*

त्याच शोमध्ये टाळीचं प्रकरण झालं. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. गायकाने तोंड उघडायच्या आधी, नुसत्या सुरुवातीच्या म्युझिकवरून गाणं ओळखायचं आणि टाळी वाजवायची. जितक्या लवकर टाळी, तितका मोठा रसिक. सावंतकाका यातले चॅम्पियन. बेनीने अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडला, चार सूर आले, की काकांची टाळी पडलीच!

पुढच्या रांगेत एक जर्मन आजी बसल्या होत्या. त्या वळल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या गाण्याला पुन्हा तेच. तिसऱ्याला काका कळवळले, "गाणा ओळखलंय, आणि गप बसू? मगे ओळखून उपयोग काय!"

मध्यंतरात आजी स्वतःच आमच्याकडे आल्या. रागावलेल्या नव्हत्या, चक्रावल्या होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "अजून कोणी गातही नसतं. कुठलं गाणं येणार हे तुम्हाला कोण सांगतं?"

फिलोमिनाने वडा खाली ठेवला आणि स्टेजवरच्या मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. "माय हजबंड."

मध्यंतरानंतर आजींनी टाळीचा असा सपाटा लावला की काकांनाच घाम फुटला. "ही माझ्या आधी मारता!"

*

स्टुटगार्टला सकाळी रिहर्सलमध्ये अ‍ॅकॉर्डियनची एक पट्टी दाबली ती वर येईना. आतली स्प्रिंग तुटली होती. मंडळाच्या लोकांनी एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. तीन पिढ्यांचं दुकान, भिंतीवर हत्यारं अशी टांगलेली की देव्हाराच वाटावा. मालकाने चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं, "तीन आठवडे."

शो संध्याकाळी पाचला.

आमच्यात जाधव होता. साकीनाक्याला त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, "फिलोमिना, सेफ्टी पिन आहे काय गं?"

"किती पाहिजेत?"

पक्कडीने त्याने पिनेचं वेटोळं तोडलं, दोन टोकं वाकवली, बसवलं, पट्टी दाबली. वर! पुन्हा दाबली. वर! एकूण वीस मिनिटं.

मालकाने स्वतः पट्टी दाबून पाहिली. मग आदराने विचारलं, "तुम्ही शिकलात कुठे?" मुंबईत पवईला मोठी इंजिनिअरिंगची संस्था आहे हे त्याला ठाऊक होतं. "पवई?"

"नाय," जाधव हात पुसत म्हणाला. "त्याच्या पुढे. साकीनाका."

*

एका दुपारी यजमानांनी आम्हा सगळ्यांना तिथला खरा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऐकायला नेलं. शिरीष सर माझ्या शेजारी होते. आमच्या ग्रुपने चुकीच्या ठिकाणी तीनदा टाळ्या वाजवल्या, ते सोडा. गोष्ट शेवटची. वादन संपलं आणि कंडक्टरने हाताने खूण करून एकेका वाजवणाऱ्याला उठवायला सुरुवात केली. बासरीवाली उठली, टाळ्या. तुतारीसारखं काहीतरी वाजवणारा उठला, टाळ्या. पूर्ण कार्यक्रमात तीनदा लोखंडी त्रिकोण टिंग करून वाजवलेला माणूससुद्धा उठला!

मी शिरीष सरांचं मनगटच धरलं. "बघा! बघा जरा! याला म्हणतात कदर!"

सरांनी सगळं नीट पाहिलं. म्हणाले, "ताई, त्यांच्याकडे गाणारे नाहीत. बिचारा आणखी उठवणार कोणाला?"

*

मग आम्ही फर्माईशीचा डाव टाकला. मध्यंतरात प्रेक्षक चिठ्ठीवर आवडीचं गाणं लिहून स्टेजवर पाठवतात आणि निवेदक ती वाचतो. हॅम्बुर्गला आम्ही चोवीस जणांनी चोवीस चिठ्ठ्या पाठवल्या. सगळ्यांवर एकच मजकूर: "बेनी यांचं अ‍ॅकॉर्डियन सोलो." अक्षरं वेगवेगळी, पेनं वेगवेगळी. वॉर्डात बोगस सह्यांच्या याद्या पकडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्याचा असा उपयोग झाला.

शिरीष सर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माइकपाशी आले. एकेक उलगडली. त्यांचा चेहरा फुलत गेला. फिलोमिनाने माझा हात घट्ट धरला.

"रसिकहो, काय बोलू? आज एकच फर्माईश आलीय. चोवीस चिठ्ठ्या! आता तुमचं मन मोडवत नाही..."

आणि स्वतःच गायला लागले!

मागे बेनी त्यांना साथ करत होता. सूर सरांचा घसरत होता. सांभाळून घेत होता अ‍ॅकॉर्डियन.

बसमध्ये फिलोमिनाने बेल्ट लावला. मग म्हणाली, "आता एकच शो राहिला ना?"

*

मला राग येतो तेव्हा मी ओरडत नाही. वही काढते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी शिरीष सरांच्या टेबलावर जाऊन बसले.

"सर, टूरवर लेख लिहितेय. रविवारच्या पुरवणीला, अर्धं पान."

सर खूश. "वा वा! फोटो पाठवू का?"

"नको. मजकूर तयार आहे, ऐका." मी वाचलं, "चारही गायकांनी मैफल रंगवली. साउंड, लाइट, बस, वडे, सगळं उत्तम. आणि निवेदक."

"पुढे?"

"पुढे काही नाही. पूर्णविराम."

"नाव?"

"लोक गाणं ऐकायला येतात, सर."

त्यांनी ब्रेड खाली ठेवला. कपात चमचा फिरवला. मग म्हणाले, "ताई, बेनी कधी बोलला नाही. एका शब्दाने बोलला असता तर..." आणि चमचा ठेवून, "नाव लिहून द्या. उद्या वाचतो. अगदी पहिलं वाचतो."

जिंकले! मी जागेवरच चिठ्ठी लिहून दिली, मोठ्या ठळक अक्षरांत.

*

रॉटरडॅम. रविवार दुपारचा शो. हॉल गच्च. फिलोमिना पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. अंगावर निळा ड्रेस, केसांत मंडळाच्या बायकांनी दिलेलं फूल. बेनीला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. तो आपला मागे, ड्रमच्या शेजारी, बोटं चोळत बसला होता.

शिरीष सर आले. मला कबूल करायला हवं, माणूस मनावर घेतो तेव्हा छान बोलतो. एकही शेर नाही, एकही विनोद नाही. म्हणाले, "बेचाळीस वर्षं मी या माइकसमोर उभा आहे. आणि बेचाळीस वर्षं माझ्या पाठीमागे एक माणूस बसलाय. मी बोलायचा थांबलो की तो सुरू होतो, म्हणून तुम्ही घरी जात नाही. आज तो शेवटचं वाजवतोय. त्याचं नाव मी कधी घेतलं नाही, ही माझी चूक. आज घेतो."

सरांनी माझी चिठ्ठी उघडली, हात उंच केला आणि पूर्ण आवाजात म्हणाले,

"अ‍ॅकॉर्डियनवर... श्री. बेंजामिन मिरांडा!"

टाळ्यांचा नुसता पाऊस! सावंतकाका खुर्चीवर चढायचे बाकी होते. मी विजयी मुद्रेने फिलोमिनाकडे पाहिलं.

ती टाळ्या वाजवत नव्हती.

मी स्टेजकडे पाहिलं. बेनी टाळ्या वाजवत होता! अगदी मनापासून. डावीकडे बघत होता, उजवीकडे बघत होता. हा बेंजामिन मिरांडा कोण, कुठे बसलाय, ते शोधत होता.

नवीन रिपोर्टरला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. नाव माणसाला विचारून लिही, अंदाजाने नाही. हे मी पस्तीस वर्षं शिकवलं. आणि बेनी म्हणजे बेंजामिनच असणार, म्हणून स्वतः ठोकून दिलं! बारा दिवस त्याची बायको माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती. विचारलं नाही! आणि शिरीष सरांना तरी काय माहीत? त्यांच्यासाठी तो बेचाळीस वर्षं नुसता बेनी.

फिलोमिना उठली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाजूच्या चार पायऱ्या चढली, सरळ माइकपाशी गेली. सर आपोआप मागे सरले. माइक तिच्या उंचीच्या वर होता. तिने सावकाश दांडा खाली घेतला, फूल नीट केलं आणि म्हणाली,

"बेनेडिक्ट. बेनेडिक्ट मिरांडा."

एवढंच. मग सावंतकाकांचा आवाज आला, खणखणीत,

"वन्स मोअर!"

ती हसली. "बेनेडिक्ट मिरांडा."

"वन्स मोअर!" आता सगळा हॉल. पुढच्या रांगेतल्या डच मंडळींसकट.

तिने मागे न बघता तिसऱ्यांदा नाव घेतलं, माइकला अगदी ओठ टेकवून, हळू.

आणि ड्रमच्या शेजारून उत्तर आलं,

"प्रेझेंट, मिस!"