वडिलांचा खांदा आणि पॉवर स्टिअरिंग

तमाम ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरातला सर्वांत हट्टी सदस्य, म्हणजे वडिलांहूनही हट्टी असा आमचा जुना ट्रॅक्टर, यंदा एका बोटाने वळू लागला.

त्याचं असं झालं, वडिलांचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, ते जड स्टिअरिंग ओढणं बंद. वडील घरी बसले आणि आठवड्याभरात निम्मे झाले, जेवणावरची वासनाच उडाली. म्हणून मी घोडेगावच्या मिस्त्रीकडे ट्रॅक्टर पॉवर स्टिअरिंग बसवायला टाकला. दोन दिवस त्या गॅरेजात येरझारा घातल्या, घडोघडी "झालं का?" विचारलं. शेवटी मिस्त्री वैतागला, "भाऊ, तुमी बसा तरी, न्हाईतर जावा तरी! तुमच्या पायात मला पाना सापडंना."

तिसऱ्या दिवशी वडील ट्रॅक्टरवर चढले. आई आणि मी बांधावर. आज जमलं नाही, तर हा माणूस पुन्हा चढणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात. पहिल्याच वळणावर वडिलांनी चाळीस वर्षांच्या सवयीने दात आवळले, सीटवरून अर्धे उठले आणि अंगाचा सगळा भार टाकून स्टिअरिंग ओढलं. ट्रॅक्टर गर्रकन फिरून आमच्याच कांद्यात शिरला. वडिलांनी ब्रेक दाबला, खाली बघितलं आणि उतरायला एक पाय काढला. मी धावलो, पण माझ्याआधी आईचा आवाज पोचला,

"अवं, उतरू नका! वढू नका नुसतं, त्यो आता ऐकाया लागलाय!"