चमचाभर विरजण

काल संध्याकाळी समोरच्या काकू रिकामी वाटी घेऊन दारात आल्या. "थोडं विरजण आहे का रे? दूध कोमट करून ठेवलंय."

मोबाइलमधून मान वर न काढताच मी म्हणालो, "काकू, दहीच मागवा ना मोबाइलवरून. दहा मिनिटांत येतं."

"हो, खरंच की," म्हणत त्या वळल्या.

दार लावलं आणि आई आठवली. घरात फ्रिज नव्हता, विरजण संपलं की ती शेजारी जायची आणि तासाभरानं परतायची. वाटीत चमचाभर दही, आणि तोंडात साऱ्या आळीची खुशाली. आता कुणाचं कुणावाचून अडत नाही, यालाच मी सुख समजत आलो. काका गेल्यापासून काकूंशी दिवसभरात कोण बोलत असेल, हे त्या समोर उभ्या असतानाही माझ्या मनात आलं नाही.

ओशाळून मी दही घेऊन गेलो.

"आता कशाला? आलं की," काकू हसल्या. मग म्हणाल्या, "पिशवी कडीला अडकवून गेला बाई तो मुलगा. बेलसुद्धा वाजवली नाही."