अशक्त पोर

निखाऱ्यावर मीठमोहऱ्या तडतडल्या की मला लालबागची आमची खोली आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडलेले बाबा सुटून आले, तेव्हा धाकटा भाऊ नुकताच झाला होता. शेजारून मागून आणलेलं एकही झबलं त्याला होईना. गरोदरपणात आईची साखर वाढल्यामुळे बाळ एवढं मोठं झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आजी मात्र दृष्टीच्या धाकाने येईल त्याला सांगायची, "अशक्तच आहे हो पोर." बाबांनी बाळाला उचललं, तर तुरुंगात वाळलेले त्यांचे हात थरथरले. ते हसून म्हणाले, "हा अशक्त, मग मी कसा गं?" आजीने मीठमोहऱ्या आधी त्यांच्यावरून उतरवल्या. "तू चांगला धडधाकट आहेस," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. हल्ली मुलगा फोनवर तब्येत विचारतो, तेव्हा मीही तेच सांगते.