सुई न देणारी डॉक्टरीण

शेलूबाजारच्या अंगाले एक खेडं आहे. तिथं राह्यते एक बुढी, तिचा पोरगा गजानन अन् गजाननची पोरगी सुमी. बुढी म्हंजे मी. सुमी डॉक्टरकी शिकली. आता वर्षभर हाताखालचं काम आमच्याच सरकारी दवाखान्यात करून राह्यली. संगं पुण्याचा निखिल, तोही तिच्यासारखाच शिकाऊ डॉक्टर. हे दोघं आल्यापासून परसात तुराट्यायची गंजी लागावी तसे किस्से साचले!

निखिलचा पयला पेशंट मीच. मले सर्दी. त्यानं हातभर चिठ्ठी लिहिली. मोठ्या मॅडमनं त्याले तिथंच धरलं, "ही पित्ताची गोळी कशाला? आजींना पित्त आहे?"

"नाही मॅडम," निखिल म्हणे, "पण बाकीच्या गोळ्या खाल्ल्यावर होईल!"

मॅडमनं चिठ्ठी फाडली. वाफारा घेऊनच बरी झाली मी.

मंग दोघंही लागते तेवढंच औषध लिहाले लागले, अन् गावात बोंब उठली, "सुई देत नाही, हे कायची डॉक्टर!" गजाननले सुमीच्या दवाखान्यासाठी बाजारात गाळा घ्याचा होता. तो थबकला. "माय, उद्या हिच्याकडं कोणी आलंच नाही त?"

सुमी म्हणे, "बाबा, लागत नाही तिथं मी सुई टोचणार नाही."

एक दिवस नामदेवबुवा आले. "सलाईन लाव!"

सुमीनं तपासलं. "बुवा, नुसता थकवा आहे. मीठ-साखरेचं पाणी प्या."

बुवा गिलासभर पाणी गटागटा पेले अन् खाटेवर आडवे झाले.

"आता काय?"

"पंखा लाव! सलाईनवाल्याले लावता, मले काहून नाही?"

गावातल्या कांताले निखिलनं गोळ्या देतानी बजावलं होतं, "ताई, बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. सगळ्या संपवायच्या."

कांता हासत हासत परत आली. "संपवल्या, डॉक्टर! मले बरं वाटलं, मंग सासूले देल्या, जावेले देल्या. एक उरली ते बकरीले चारली. वाया नाही जाऊ देली!"

निखिलनं डोक्शाले हात लावला. सुमीनं इचारलं, "बकरी कशी आहे?"

बाजारात एक जुने डॉक्टर आहेत. पेशंट उंबऱ्यात पाय टाकते तोवर त्यायची सुई भरून तयार! सारा इलाखा त्यायच्याकडं जाते. एका सकाळी तेच सरकारी दवाखान्यात आले, कडेवर नातू. लेकराले जुलाब. सारी रांग पाह्यत राह्यली. गजानन अन् मी पण तिथंच होतो.

"सर, तुम्ही?" सुमी उठून उभी राह्यली.

डॉक्टरनं इकडं-तिकडं पाह्यलं, आवाज बारीक केला. पण रांग एवढी गप होती का सगळ्यायले आयकू आलं.

"बाई, तूच पाह्य याले. अन् सुई-बिई नको देऊ हं, लहान लेकरू आहे!"

गजानन तिथूनच बाजारात गेला, अन् गाळ्याची चाबी घेऊनच घरी आला.