विहिरीतून बोलणारी पंचशीला

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात पंचशीला माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. रेणापुरात मी शिकवण्या घेत असे. लातूरच्या टेलिफोन कचेरीत मुली हव्या होत्या आणि पंचशीलाला काहीही करून विहिरीतून सुटायचं होतं.

गावाकडच्या त्यांच्या वस्तीतली विहीर तळाला गेली होती. सर्वांत हलक्या बाईला दोराने खाली सोडत. ती वाटीने पाणी उपसून घागर भरे. तळ वरून दिसत नसे आणि खाली हवा कोंदलेली. म्हणून उतरलेलीने सारखं ओरडून सांगायचं, भरून राहिले, बांधून राहिले. आवाज थांबला की तिला वर ओढायचं. वस्तीत हलकी पंचशीलाच होती.

चालू वर्तमानकाळ शिकवताना मी म्हटलं, "हे तू रोज करतेसच. तेच इंग्रजीत सांग."

तेव्हापासून विहिरीतून "आय ॲम फिलिंग द पॉट" ऐकू येऊ लागलं. दोर धरणारी शेजारीण कोंडाबाई विचारी, "मडमबाई, इंग्रजी पाणी लई गोड हाय का गं?"

"गढूळच हाय मावशी. आय ॲम टायिंग द रोप. वढा."

मुलाखतीच्या दिवशी तिची आई सरजाबाई म्हणाली, "तू जा. आज मी उतरते." सरजाबाई फार अबोल. "माझी माय हूं म्हणायला बी पावसाची वाट बघती," असं पंचशीलाच हसून सांगायची.

मी तिच्यासोबत लातूरला गेले. सध्या काय करतेस, असं साहेबांनी इंग्रजीत विचारलं. ती न अडखळता म्हणाली, "आय ॲम फेचिंग वॉटर, सर. आय ॲम लर्निंग इंग्लिश."

आम्ही परतलो तेव्हा सरजाबाईला विहिरीच्या काठावर निजवलं होतं. तोंडावरून कोणीतरी लुगडं टाकलेलं. कोंडाबाई अजून दोर धरून बसली होती.

"बोलली न्हाई," ती म्हणाली. "तिची सवयच तशी. मला वाटलं, भरून राहिली आसंल."

नेमणुकीचा कागद आला, तशी पंचशीला कामावर गेली.

पुढे नांदेडच्या बहिणीला मी ट्रंककॉल लावला की कचेरीत पुष्कळदा तीच असे. "आय ॲम ट्राइंग द नंबर, मॅडम. आय ॲम कनेक्टिंग." मग फोन जोडून देई, पण बाजूला होत नसे. आम्ही बहिणी बोलता बोलता जरा थांबलो, की मध्येच तिचा आवाज येई.

"बाई, हायसा न्हवं? बोलत राहा."