अप्पांचे पेरू

फळवाल्याने पिकला पेरू चिरला आणि त्या वासासरशी मी निजामाच्या राजवटीतल्या पिंगळी स्टेशनावर पोचलो. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. रेल्वेत गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले मन्मथअप्पा बढतीसाठी माझ्याकडे इंग्रजी वाचायला शिकत. रोज पेरू आणत आणि मला "मास्तर" म्हणत खाली जमिनीवर बसत.

मी धडा एकदा वाचून दाखवायचो. पोथी पाठ करणाऱ्या घरातले अप्पा दुसऱ्या दिवशी ओळींवरून बोट फिरवत तो उच्चारासकट घडाघडा म्हणायचे. त्यांना एकही अक्षर ओळखू येत नाही, हे मला आठवड्यातच कळलं होतं. पण अक्षरं गिरवून घ्यायचा मला कंटाळा. पेरू खात मी "वा, अप्पा!" म्हणायचो.

परीक्षेत साहेबाने त्यांच्या हातात भलताच कागद दिला. अप्पांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि आमचाच धडा सुरू केला. साहेब हसत सुटला.

"मास्तरानं लय जीव लावून शिकवलं, साहेब," अप्पा म्हणाले. "माझंच डोस्कं चालंना."

मी दारातच उभा होतो. तसाच मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पेरू घेऊन आले. मी तेही खाल्ले.