सालेकशाच्या सोयरिकीला वाईन

नागपूरहून गोंदियाला वाईन घ्यायला कोणी जात नाही. नागपुरात ती जास्त मिळते. तरी डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी मी गाडी काढली. बाटली मला घ्यायची नव्हती. सगुणाला घ्यायची होती.

सगुणा आणि मी गोंदियाच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. आता तिचं आमगावला शिवणकामाचं दुकान आहे. नवरा वारून बरीच वर्षं झाली. मुलगा नीलेश रायपूरला कारखान्यात आहे. तिथल्याच एका दवाखान्यात कविता नर्स आहे. दोघांनी आपापसात ठरवलं होतं. घरच्यांनी ठरवायचं बाकी होतं. कविता सालेकसा तालुक्यातल्या एका लहान गावची.

दोन्ही घरं गोंडांची. त्यांच्याकडे मुलाची माणसं बाटली घेऊन मुलीच्या घरी जातात. तिथल्या वडीलधाऱ्याने ती उघडून पहिली धार भुईवर टाकली, की सोयरीक ठरली. ती धार गेलेल्या वाडवडिलांची. बाटली मोहाची, मुलाच्या घरी गाळलेली. आणि जो बाटली आणतो तोच मुलाच्या बाजूने बोलतो.

इथे दोन अडचणी होत्या. कविताची आई फुलवंता गावच्या महिला गटाची अध्यक्ष आहे. गटाने गावातल्या सगळ्या भट्ट्या बंद केल्या. मोहाची असो की इंग्लिश, दारू गावाच्या शिवेत येणार नाही, असा तिचाच नियम. स्वतःच्या मुलीसाठी तो मोडायला ती तयार नव्हती. तिने निरोप पाठवला: वाईन चालेल. वाईन फळाची असते, शीलबंद असते, तिचं बिल मिळतं.

दुसरी अडचण हरिभाऊ, सगुणाचा दीर. बाटली मी नेतो, असं त्याचं म्हणणं होतं. आणि तिथे बसून काय बोलायचं तेही त्याने सांगून ठेवलं होतं: लग्न झालं की सून नोकरी सोडेल आणि आमगावला राहील. सगुणाला हे मान्य नव्हतं. मग जातपंचांपुढे तोड निघाली. मोह घरी गाळता येत नसेल, तर बाटली नेणाऱ्याने निदान ती स्वतःच्या हाताने विकत आणावी. हरिभाऊ हसला होता म्हणे. वाईन शॉपच्या जाळीसमोर बाई उभी राहील, हे त्याला शक्य वाटत नव्हतं.

रस्त्याबद्दल. भंडारा, साकोली करत महामार्गाने कोहमाऱ्यापर्यंत जायचं, तिथून डावीकडे गोरेगाव आणि मग गोंदिया. महामार्ग उत्तम. साकोलीला तर्री घातलेले पोहे खाऊन घ्या, पुढे दुपारपर्यंत त्या तोडीचं काही मिळत नाही. कोहमाऱ्यानंतर रस्ता अरुंद होतो आणि धानाने भरलेले ट्रॅक्टर घाई करत नाहीत. कापणी झालेली होती. धानाच्या बांध्यांमध्ये खुंट उरले होते आणि त्यांच्यातून लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवं वर आलं होतं.

सगुणा गोंदिया स्टेशनबाहेर उभी होती. हातात दोन कापडी पिशव्या.

"मार्टात चल," ती म्हणाली.

फोनवर मी तिला सांगितलं होतं की आपल्याकडे मार्टात वाईन मिळत नाही. मध्यंतरी पेपरात तसं येऊन गेलं, पण मिळत नाही. तिचा भाचा बंगळूरला असतो. त्याने फोटो पाठवला होता. ढकलगाडीत आटा, साबणाचा पुडा आणि दोन बाटल्या. तिने तो फोटो मला पुन्हा दाखवला.

"हे काय मग?"

"ते बंगळूर आहे."

"मार्ट तोच आहे ना? पाटी पाय."

पाटी तीच होती. मी गाडी वळवली.

सवलतीत माल विकणारं हे दुकान शहराच्या कडेला आहे. पार्किंग मोफत, आत गारवा, सगळं छापील किमतीच्या खाली. दुपारी गर्दी कमी असते, संध्याकाळी जाऊ नका. सगुणाने ढकलगाडी घेतली आणि ती सावकाश, सरळ रेषेत नेऊ लागली. डाळ बघितली. तेलाचे भाव बघितले. फुलवंतासाठी स्टीलचा डबा घेतला. तिथे तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. म्हणूनच तिला मार्ट हवं होतं. इथे बाटली डाळीशेजारी ठेवून बिल करता आलं असतं.

सरबतांच्या मागे एका फळीवर बाटल्या होत्या. उंच, हिरव्या काचेच्या, मानेला सोनेरी कागद. वर द्राक्षांचं चित्र. एकावर एक मोफत.

सगुणाने माझ्याकडे पाहिलं. दोन बाटल्या उचलल्या.

मी चष्मा लावून लेबल वाचलं आणि फळीवर माल लावणाऱ्या मुलीला विचारलं. ती हिंदीत म्हणाली, "नहीं मॅडम, वाईन नहीं आती यहाँ. ये जूस है. बड्डे में फोडते हैं."

"चढत नाही का?" सगुणाने विचारलं.

"नहीं काकू. बच्चे पीते हैं."

सगुणाने बाटली उजेडात धरली. "गेलेल्या डोकऱ्यांच्या नावानं लेकरांचं पानी टाकू का मी?" तिने दोन्ही बाटल्या जागच्या जागी ठेवल्या, तोंडं समोर करून.

डब्याचं बिल होत असतानाच हरिभाऊचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण एक हात पिशवीत होता.

"भेटली का वहिनी?"

"पाहून राहिली."

"मार्टात नाही भेटत. मले माहीत होतं. राहू दे, मी उद्या देवरीवरून घेऊन येतो."

"तू काही आणू नको."

"काऊन? तू उभी राहशील का त्या लाइनीत?"

तिने फोन ठेवला. गाडीत बसल्यावर विचारलं, "वाईन शॉप कुठं आहे?"

बाजाराच्या एका गल्लीत आहे. गाडी लांब लावावी लागते. दुकान म्हणजे लोखंडी जाळी, जाळीला एक खिडकी, खिडकीपुढे पुरुष. रांग अशी नव्हती, खांदे होते. मी म्हटलं, मीही येते. ती म्हणाली, ये, पण खिडकीशी मी बोलणार.

आम्ही गेलो तशी बोलणी थांबली. एका माणसाने अदबीने सांगितलं, "काकू, भाईसाब को भेज देते ना."

"भाईसाब वरतं गेले," सगुणा म्हणाली. "तू जाऊन बोलावून आनतोस का?"

मागे कोणी तरी हसलं. तो माणूस बाजूला झाला. मग त्याच्या पुढचाही झाला. सगुणा खिडकीशी पोचली आणि तिने जाळीला एका हाताने धरलं, तिकीट खिडकीला धरतात तसं.

"वाईन पाहिजे. फळाची."

दुकानदाराने तीन बाटल्या पुढे ठेवल्या. नाशिककडच्या, सगळ्या. माझा सल्ला तिने एवढ्यापुरताच घेतला. मी गोडसर असलेल्या दोन दाखवल्या, एक लाल, एक पांढरी. पांढरी तिने लगेच परत केली. "पान्यासारखी दिसते. लोक म्हनतीन, विहिरीचं भरून आनलं."

"लाल घ्या मग. टोपी फिरवून उघडते," दुकानदार म्हणाला.

"कमी किती कराल?"

"एमआरपी आहे काकू."

"मार्टात एकावर एक फ्री भेटते."

"हमारे यहाँ एक पे एक ही मिलता है," तो म्हणाला, आणि आता मागचे सगळे हसले. सगुणाही हसली. एका दिवसाचा पिण्याचा परवाना तोच फाडून देतो, किरकोळ पैशांत. तो मागून घ्या. सगुणाने परवान्यावर स्वतःचं नाव लिहवलं, बिल मागितलं, आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून न घेता उघडीच हातात घेतली. गाडी लावलेल्या जागेपर्यंत ती तशीच चालली. निम्मा बाजार तिला ओळखत असावा. तिने दोघांना नमस्कारही केला.

रात्री मी तिच्याकडेच राहिले. आमगावात लॉज आहेत, साधे, पण जेवण घरचं मिळालं तर सोडू नका. लाखोरीच्या डाळीचे वडे आणि भात होता.

शनिवारी सकाळी हरिभाऊ पांढऱ्या शर्टात दारात होता. मागच्या सीटवर बसला. बाटली सगुणाच्या मांडीवर होती. सालेकशापर्यंत तो फक्त एकदा बोलला: "लाल आहे." सालेकशानंतर रान सुरू होतं. रेल्वेचे रूळ कधी डाव्या हाताला दिसतात, कधी झाडीत जातात. वेळ असेल तर दरेकशाजवळचा हाजरा धबधबा जरूर बघा. आम्हाला वेळ नव्हता.

फुलवंताचं घर गावाच्या टोकाला. अंगण नुकतं सारवलेलं. कविता आणि नीलेश रायपूरहून आदल्या दिवशीच आले होते आणि एकमेकांपासून लांब उभे होते. फुलवंता उंच बाई. तिने सगुणाच्या हातातली बाटली घेतली, शील तपासलं, मग म्हणाली, "बिल?"

सगुणाने बिल दिलं. फुलवंताने ते पूर्ण वाचलं.

"तुमच्या नावानं आहे."

"मीच आनली."

फुलवंताने हरिभाऊकडे पाहिलं. हरिभाऊ अंगणाकडे पाहत होता.

बाटली कविताच्या आजोबांपुढे ठेवली गेली. ते खाटेवरून उतरून भुईवर बसले. पळसाच्या पानाचा दोना त्यांच्यापुढे होता. त्यांनी टोपी फिरवली, दोन्यात थोडी ओतली, वास घेतला. मग दोना खाली ठेवला.

"काहाची आहे?"

"अंगुराची," सगुणा म्हणाली.

"अंगुराचं झाड आहे का आपल्या रानात?"

म्हाताऱ्याने दोना पुढे सरकवला.

"मी प्यायला पिईन," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पन भुईवर कशी टाकू? माह्या बापानं अंगूर पायला नाही. त्याच्या बापानं नाही. नातीन कोनाले दिली म्हून ते विचारतीन, आन् मी त्यायले अनोळखी वस्तू देऊ? वास नाही ओळखला तं येनार नाहीत."

हरिभाऊने मांडी बदलली. "म्या म्हटलंच होतं," तो म्हणाला. "मोहाची एक शिशी पाहून आनतो बाहेरून. शिवेबाहेर बसू. मी बोलतो बाकीचं."

तो अर्धा उठलाही होता. सगुणाचे हात मांडीवर होते, एकावर एक. त्यातल्याच एकाने आदल्या दिवशी जाळी धरली होती. म्हाताऱ्याचं म्हणणं तिला पटलं होतं, हे मला दिसत होतं. तिच्या जागी मी वाद घातला असता.

"बसा," फुलवंता म्हणाली.

ती आत गेली. मोहाची दारू तिने बंद केली होती, मोह नाही. तो दर उन्हाळ्यात सगळं गाव वेचतं, वाळवतं, विकतं, खातं. ती मूठभर वाळलेली फुलं घेऊन आली. तपकिरी, मनुक्यांसारखी. तिने त्यातली काही दोन्यात टाकली आणि बाटली सासऱ्याच्या हाती दिली.

"यावर ओता. आता ओळखतीन."

म्हाताऱ्याने ओतली. फुलं फुगेपर्यंत वाट बघितली. सगळ्यांनीच बघितली. त्याने दोना उचलून पुन्हा वास घेतला, बराच वेळ. मग गोंडीत काही पुटपुटला आणि धार भुईवर टाकली. सारवलेल्या जमिनीने ती चटकन पिऊन घेतली.

"झालं," तो म्हणाला.

फुलवंता सगुणासमोर येऊन बसली. आता बोलणी. "पोरीच्या नोकरीचं तुमचं काय म्हननं आहे?"

सवयीने सगळ्यांचे डोळे हरिभाऊकडे गेले. त्याने घसा साफ केला.

"नोकरी राहील," सगुणा म्हणाली. "रायपूरलाच राहतीन दोघं. मी माह्या दुकानात आहो, मले सुनेचं काम नाही. याले हो म्हना, नाही तं नाही म्हना."

फुलवंताने हो म्हटलं. कविता आत निघून गेली. दाराआडून भांडं पडल्याचा आवाज आला.

मग दोने सगळ्यांना मिळाले, फुलवंता सोडून. एका बाटलीत माणशी दोन घोट होतात. हरिभाऊने आपले दोन घेतले आणि म्हणाला, आंबट आहे. जेवायला कोंबडी होती.

रविवारी परत निघाले. त्याच रस्त्याने, कोहमारा, साकोली, भंडारा. पेट्रोल एका टाकीत भागतं.

तुम्ही गोंदियात वाईन शोधणार असाल तर मार्टात वेळ घालवू नका. डबा, डाळ, साबण घ्यायला मात्र जा. वाईन जाळीतून घ्यावी लागते. बाईने घेतली तर दोन वाक्यं ऐकावी लागतात, दोन ऐकवावी लागतात.

चवीचं सांगायचं तर ती वाईन साधारण होती. मी नंतर त्याच वाईनची दुसरी बाटली घरी आणली आणि प्यायले. मोहाच्या फुलाशिवाय ती नुसती गोड लागते. फुलं भिजल्यावर तिच्यात काहीतरी धुरकट उतरलं होतं. ते मला पुन्हा मिळवता आलेलं नाही, आणि मिळवायचा प्रयत्न मी सोडला. ते चाखण्यासाठी केलेलं नव्हतं.

लग्न वैशाखात आहे. परवा सगुणाचा फोन आला. ब्लाउजांची कामं आली होती, त्याबद्दल बराच वेळ बोलली. मग म्हणाली, कविताला दवाखान्यातून लग्नासाठी आठवडाभराची सुट्टी मिळाली.

"हरिभाऊ म्हनून राहिला, एवढ्यानं काय होते, सुट्टी कमी आहे. म्या म्हटलं, सुट्टी तिची आहे. तुले काऊन कमी पडून राहिली?"